अक्कांच्या खाचरातल्या नांग्या

भाताच्या खाचरात रिकामी जागा दिसली की आमच्या इगतपुरीकडच्या बाईचा हात शिवशिवतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकते, रोपं मूळ धरतात, आणि मग कुठं एखादं कुजतं, कुठं खेकडा कुरतडतो, कुठं बांध फुटून पाणी घेऊन जातं. हिरव्या रांगेत तेवढंच पाणी चमकत राहतं. त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणायचं. राबात, म्हणजे रोपं वाढवतो त्या वाफ्यात, उरलेली रोपं आणायची आणि नांग्या भरून काढायच्या. हे काम कुणी कुणाला सांगावं लागत नाही. एखाद्या शेतात नांग्या तशाच राहिल्या तर बांधावरून जाणारी बाई हमखास विचारते, "काय गं, घरात कोणी आजारी हाय का?"

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या एका सवयीपायी झालं. एरवी मी नाशकात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. शेत लांब राहिलं. पण या पावसाळ्यात इकडं शेतावर येण्याआधी एकदा तिथल्या खालच्या बागेत कुणीतरी लावलेली झेंडूची रांग मधेच तुटलेली दिसली, तर मी माळ्याला विचारायला निघाले होते, रोप शिल्लक आहे का म्हणून. सून म्हणाली, "आई, ते सोसायटीचं आहे." मग बसले, आणि अक्का आठवल्या. म्हटलं लिहून काढावं. मला लिहिता आलं ते पोरांच्या पुस्तकांवरून, शाळेत कुणी घातलं नव्हतं, तेव्हा कुठं चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची थोरली माझ्या परकराएवढी होती आणि धाकटी पाळण्यात. सासूबाई कडक. पहिल्याच दिवशी भाकरी करपली तर अक्कांनी ती गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली आणि मला डोळ्यानं दटावलं, गप्प बस म्हणून. तेव्हापासून मी त्यांची झाले ती झालेच. मी त्यांना अहोजाहो करायची, त्या मला "अगं ए" म्हणायच्या. नावानं कधी हाक मारली असेल तर मला आठवत नाही.

त्यांचं माहेर डोंगराच्या पलीकडं होतं. होतं म्हणते, कारण ते धरणात गेलं. अक्कांचं लग्न झालं आणि थोड्याच पावसाळ्यांत त्या गावावर पाणी चढलं. माणसं चहूकडं पांगली. त्यांची आई त्या धक्क्यात फार दिवस राहिली नाही. पण त्या माउलीनं लेकीची पाठवणी करताना एक अजब गोष्ट केली होती. ओटीत तांदूळ घालतात की नाही? तिनं भात घातला होता. टरफलासकट, बियाण्याचा. आमच्याकडच्या बायका हसल्या होत्या म्हणे, "विहीणबाईंना कांडायलापण वेळ गावला नाय काय!" पावसाळा आल्यावर तो भात अक्कांनी विहिरीजवळच्या छोट्या खाचरात पेरला.

तिथून पुढं दर वर्षी ते खाचर त्या भाताचं. बाकी शेतात काय लावायचं ते पुरुष ठरवायचे, सरकारी बी येईल ते लावायचे. विहिरीजवळच्या खाचरात कुणी पाय घालायचा नाही. दाणा बारीक, कुसळ तांबूस, आणि तयार व्हायला इतका उशीर की सगळ्यांची झोडणी होऊन जायची तरी तो उभाच. पण शिजला की शेजारची म्हातारी वाडगं घेऊन यायची, "चव बघायची व्हती जरा." अक्का म्हणायच्या, "मागच्या वर्षीची चव विसरली काय आत्या?" आणि वाडगं भरून द्यायच्या.

मग करपा आला.

आधी आम्हाला तो कळलाच नाही. पान शेंड्याकडून पिवळं पडायचं, कडेकडेनं खाली उतरायचं, नागमोडी, आणि मग वाळलेल्या गवतासारखं व्हायचं. सकाळी पाहिलं तर पानाच्या कडेला पिवळट थेंब, मोहरीएवढे, चिकट. थोरल्या दिरांनी दुकानातून औषध आणलं, मारलं. काही नाही. दुसरं आणलं. तेही वाया. बाकीचे भात थोडेफार आजारी पडून उठायचे. अक्कांचा भात मात्र सोसायचा नाही. कोवळं रोप तर आवणीनंतर उभ्याउभ्या माना टाकायचं. एक वर्ष असं आलं की खाचरातून आलेला सगळा भात सुपात मावला. त्यानंतर अक्कांनी तो खाणं बंद केलं. जो काही दाणा येईल तो बियाण्याला. गाडग्यात भरायचा, वर राख टाकायची, तोंड बांधायचं. दीर गेले, माझे यजमान गेले, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, पण दर पावसाळ्यात ते गाडगं खाली यायचं आणि मूठमूठ भात राबात पडायचा. खायला कुणाच्याच नशिबी नव्हता.

पाळण्यातली म्हटलं ना, ती धाकटी शेतकी शिकली. पुढं भातावरच्या एका संशोधन केंद्रात लागली. एकदा सुट्टीला आली होती, आई खाचराच्या बांधावर बसलेली पाहिली तशी खाली उतरली. आजारी रोपाचं पान तोडलं, घरी आणलं, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि कात्रीनं पान मधे कापून त्यात उभं धरलं. "आई, बघ आता. काकू, तुम्हीपण या."

आम्ही दोघी चष्मे सावरून वाकलो. कापलेल्या कडेतून पाण्यात हळूहळू काहीतरी उतरायला लागलं. उदबत्तीचा धूर वर जातो ना, तसा हा खाली जात होता. दुधट, बारीक.

"हे जिवाणू आहेत. पानाच्या नळ्यांमध्ये भरलेत. औषधाचा उपयोग का होत नव्हता कळलं? तुम्ही बुरशीचं औषध मारत होतात."

अक्कांनी पेला उचलून उजेडाकडं धरला. मग म्हणाल्या, "म्हंजे माझा भात आतून सडत व्हता, आन मी वरून पाणी घालत व्हते."

"रोपं लावताना शेंडे खुडता ना तुम्ही? ते बंद करायचं. तिथूनच शिरतो तो."

"बरं. आन एवढ्यानं बरा व्हईल?"

पोरीनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. दुसरा एक भात आहे, त्याला हा रोग बाधत नाही. पान थोडं करपतं आणि तिथंच थांबतं. त्याच्या जन्मातच तो गुण आहे. पण त्याला ना वास, ना चव. तर त्याचा पराग अक्कांच्या भाताच्या फुलावर टाकायचा. जे बी होईल ते अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. त्यातली ज्या रोपांत तो गुण उतरला तेवढीच ठेवायची आणि त्यांची गाठ परत अक्कांच्या भाताशी घालायची. त्यांच्या पोरांची परत. असं करत करत परक्याचं सगळं गळून जातं. शेवटी भात अक्कांचाच राहतो, फक्त तेवढा एक गुण त्याचा.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे सून आणायची, तिचं माहेरचं सगळं पुसून काढायचं आन कामाचा तेवढा एक गुण ठिवून घ्यायचा. यात नवीन काय हाय गं? तुझ्या आजीनं आमा दोघींचं ह्येच केलं!"

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. पोरगीही हसली. "आई, तुझं कुठं पुसलं गेलं? ओटीतला भात अजून लावतेस."

"म्हणून तर त्याच्यावर रोग आला," अक्का म्हणाल्या, आणि उठून चुलीकडं गेल्या.

त्या वर्षी गाडग्यातला मूठभर भात पोरीबरोबर गेला. मग वर्षं गेली. भाताचं असतं तसं, घाई करता येत नाही. ती फोनवर सांगायची, एवढ्या रोपांत गुण आलाय, बाकीची फेकली. चिमट्यानं फुलातले केसर काढायचे, वर कागदी पिशवी बांधायची, असं काय काय. अक्का विचारायच्या एकच, "वास आला का?" ती म्हणायची, "अजून नाही, आई." पुढच्या खेपेला, "थोडासा." आणि एके वर्षी म्हणाली, "आला. काल शिजवून बघितला. डोळे मिटले तर तुझ्या चुलीपुढं बसलेय असं वाटलं." अक्कांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. मी नुकतीच लेकाकडं राहायला गेले होते, तिथं नाशकात त्यांना आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्या धाकट्या पुतणीला आणि मला आत बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. बाहेर आलो तर अक्का बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या. "काय म्हणतो? आवणी करता यील का मला?"

मी म्हटलं, "या वर्षी करा म्हणाले."

"म्हंजे पुढल्या वर्षीचं नाय म्हणाला." एवढं बोलून त्या चपला शोधायला लागल्या.

पुतणीनं मग ठरवलं, बी घरी आणायचं. केंद्रात काचेखाली पानं तपासून झालं होतं, पण आमच्या धुक्यात, आमच्या पावसात, आमच्या त्या रोगट खाचरात कोण तगतंय ते पाहिल्याशिवाय तिला पुढं जाता येणार नव्हतं. सगळ्या रोपांत गुण सारखा मुरलेला नव्हता. ज्यांच्यात कच्चा राहिला ती मरणार, पक्का असेल ती उभी राहणार, आणि उभ्या राहिलेल्यांचं बी धरायचं. तिनं स्वतः आवणी केली, एकेका जागी एकेकच रोप. अक्का बांधावर छत्री घेऊन बसलेल्या. मी त्यांच्या शेजारी. जाताना तिनं आईला बजावलं, "औषध मारायचं नाही. शेंडे खुडायचे नाहीत. मेलेलं उपटायचं नाही, मरू दे."

"बरं बाई. मरू देते."

मी नाशकाला परतले. तीन-चार आठवड्यांनी अक्कांचा फोन आला. आवाज इतका खुललेला, कधीचा ऐकला नव्हता. "अगं ए, आज शेतात उतरले व्हते!"

"अहो अक्का, अंगात ताकद आहे का तुमच्या?"

"आली. खाचर बघितलं आन आली. आता कसं भरलंय म्हणून सांगू!"

मला वाटलं, रोपं फुटली, वाढली, त्यानं भरलं. मी पण खूश झाले.

गणपतीत पुतणी आणि मी बरोबरच गेलो. घोटीपासून पुढं पाऊस उघडला होता. ते वर्षच तसं, आवणीनंतर झोडपून काढलं आणि मग ऊन धरलं. उन्हानं रोगाचा जोर मोडला, असं पुतणी गाडीत म्हणत होती. घरी पोचलो तर अक्का ओसरीत तयारच, डोक्याला रुमाल बांधून. चहासुद्धा घेऊ दिला नाही. काठी टेकत पुढं, आम्ही मागं. बांधावर उभ्या राहिल्या आणि काठीनं खाचर दाखवलं.

"बघ. एक तरी नांगी दिसती का?"

खरंच दिसत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं, सपाट, वाऱ्यानं एकसारखं झुलणारं. मी म्हणणार होते, दृष्ट लागेल. तेवढ्यात पुतणीचा चेहरा पाहिला.

"आई, मेली नाहीत का काही?"

"मेली की. लय मेली. पहिल्या पावसाच्या झडीतच माना टाकल्या. जागोजागी पाणी दिसाय लागलं. मला बघवंना."

"मग?"

"मग काय! राबात माझी रोपं व्हतीच, दर वर्षी टाकते तशी टाकलेली. आणली आन भरून काढलं. दोन दिस लागले मला, बसत-उठत." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. घाईघाईनं म्हणाल्या, "मेलेलं नाय उपटलं मी. ते आपसूक गेलं व्हतं कुजून. शेंडे बी नाय खुडले. औषध नाय मारलं. तू सांगितलं तसंच केलं समदं."

पुतणी बांधाच्या कडेला आली. "आई, अगं कोण उभं राहतंय तेच तर बघायचं होतं. आता सगळेच उभे आहेत."

अक्कांना कळायला वेळ लागला. कळलं तसा चेहरा उतरत गेला. काठी माझ्या हातात दिली आणि मी अडवेपर्यंत खाचरात उतरल्या. "उपटून काढते. माझ्या हातानं लावलंय, मला वळखू यील."

गुडघाभर चिखलात, लुगडं वर खोचलेलं, पाय काटक्या झालेले. एका चुडाजवळ, रोपाच्या जुडग्याजवळ, गेल्या, पानं बोटांत धरली, उलटी करून पाहिली, कुसळ चाचपायला गेल्या, पण लोंब्या अजून निसवायच्या होत्या. तो सोडून दुसऱ्याकडं गेल्या. मग तिसऱ्याकडं. पुन्हा पहिल्याकडं आल्या. "ह्यो माझा." जरा थांबल्या. "का तुझा?" आम्ही दोघी वर उभ्या. मी दोनदा हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. शेवटी खाचराच्या मधोमध थांबल्या आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "नाय गं वळखत. माझं मला वळखंना."

पुतणी रडत होती, पण काय झालं कुणास ठाऊक, रडतारडता हसायला लागली. "आई, वर ये. तुला ओळखता येत नाही म्हणजे जमलंय ते. एवढी वर्षं त्याच्यासाठीच तर घातली मी. तुझा आणि माझा एकच दिसला पाहिजे म्हणून."

तिनं उतरून आईला हाताला धरून वर आणलं. विहिरीवर पाय धुतले. आईचे पाय तिनंच धुतले, नखांतला चिखल काढला. मग सांगितलं की थोडं बी तिनं राखून ठेवलंय, सगळं काही गेलं नाही. वर्ष गेलं फक्त. "पुढल्या वर्षी परत लावू."

मी रहाटाकडं बघत बसले. अक्का तिथंच बसल्या होत्या, ओले पाय दगडावर ठेवून.

मग त्या म्हणाल्या, "लाव. बरंच हाय. मी नसले तर नांग्या तरी कोणी भरायचं नाय."

"आई!"

"खोटं हाय का?" आणि माझ्याकडं वळून, "हिला पण येऊ देऊ नको शेतात. हिचा बी हात माझ्यासारखाच हाय."

तो भात दिवाळीनंतर उशिरा कापला. सरमिसळ झालेला, बियाण्याला चालणारा नव्हता. म्हणून खाता आला. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा त्या खाचरातलं धान्य गाडग्यात न जाता गिरणीवर गेलं. पुतणीनं चुलीवर शिजवला, गॅसवर नाही. वास ओसरीपर्यंत आला. शेजारची वाडगंवाली म्हातारी केव्हाच गेली होती, तिची सून आली, तिला माहीतच नव्हता हा वास कशाचा. अक्कांना तेव्हा घास गिळवत नव्हता. पुतणीनं कुस्करून, मीठ-तूप घालून, पेज करून चमच्यानं भरवली. दोन चमचे गेले. तिसऱ्याला तोंड मिटलं. डोळे मात्र उघडे होते, वाटीवरच.

"कोणाचा गं ह्यो? माझा का तुझा?"

"तुझाच आहे," पुतणी म्हणाली.

"गुणाचा व्हता का बिनगुणाचा?"

"ते नाही कळत आई आता."

"नाय कळत," अक्का म्हणाल्या, आणि वाटी लांब करू नको अशी खूण केली. ती वाटी त्यांच्या उशापाशीच ठेवली होती, गार होईस्तोवर.

थंडी सरायच्या आत त्या गेल्या. त्यांच्या मुखात घालायला घरात बाकी काही शोधावं लागलं नाही, त्याच तांदळाचे चार दाणे घातले.

या पावसाळ्यात पुतणीनं राखलेलं बी लावलं. रजा संपली म्हणून ती गेली आणि राखणीला मी राहिले. लेक म्हणत होता, तिथं एकटी काय करशील. मी म्हटलं, काही करायचं नाही, तेच करायला जातेय. आणि खरंच सांगते, काही न करणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. झड लागली, रोपांनी माना टाकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार-दोन, मग ठिकठिकाणी. सवयीनं मी राबातसुद्धा मूठभर जुना भात टाकून ठेवला होता, गाडगं रिकामं ठेवायचं नाही म्हणून. त्याची रोपं हिरवीगार, हात लावला की निघतील अशी. एके सकाळी मी जुडी उपटली, पाण्यात धुतली, आणि मग हातातल्या जुडीकडं लक्ष गेलं. ती शेजारच्या गाईपुढं टाकली. दुसऱ्या दिवशी उरलेलीही टाकली. तो हात माझाही अक्कांसारखाच आहे, त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आता खाचर फाटलेल्या गोधडीसारखं दिसतं. मधेमधे पाणी, त्यात आभाळ. जी रोपं उभी आहेत ती मात्र उभी आहेत. एखाद्याच्या शेंड्याला पिवळी रेघ उतरते, बोटभर येते आणि थांबते. मी रोज जाऊन ती रेघ बघते. थांबलेलीच असते. काल अशीच वाकून बघत होते तर वरच्या आळीतली नवी सून डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालली होती. थबकली. खाचराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"काय हो आजी, एवढ्या नांग्या? घरात कोणी आजारी हाय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "आता नाही कोणी."